खुणामावशीचा बिब्बा

खुणामावशीला एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण आमच्या होस्टेलातल्या ऐंशी मुलींपैकी कुणाचा टॉवेल, कुणाची सलवार हे ती कापड उलटवून एका नजरेत सांगायची. प्रत्येकीच्या कपड्यावर आतल्या बाजूनं तिनं एक बारीक काळी खूण घातलेली असे. पद्माच्या दोन टिकल्या. भाग्यलक्ष्मीची शिडी. एकीचा कावळ्याचा पाय, एकीची विहीर म्हणजे नुसता गोल. माझी फुली. आमची नावं तिला माहीत होती, तरी हाक ती खुणेनंच मारायची. "ए फुली, तुह्या टावेलाले भोक पडलं, सुई घेऊन ये." मी एकदा रुसून म्हटलं, सर चुकलेल्या गणितावर फुली मारतात, मला दुसरी खूण द्या. कपडे आपटता आपटता ती म्हणाली, "नाकातल्या चमकीले बी फुलीच म्हंतात, माय. तू थे समज." त्यानंतर मला ती खूण आवडायला लागली.

होस्टेल राज्याच्या सीमेलगतच्या तेलुगू मुलखात, गुडीहत्नूरच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत होतं. मी जैनथकडची, पैनगंगेच्या काठच्या गावातली. घरी मराठी, शाळेत तेलुगू, आणि खोलीतल्या मुलींशी दोन्हीची खिचडी. सातवीत पहिल्यांदा तिथं आले तेव्हा आठ दिवस मला कुणाशी धड बोलता येईना. मावशी बाजारहत्नूरकडची. तिची बोली अगदी आमच्या घरातली. धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसलं की मला गावी गेल्यासारखं वाटायचं. होस्टेलचे कपडे ती एकटी धुवायची, आणि पाण्याच्या टाकीमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची.

कपडे भिजवण्याआधी ते हुंगायची तिची सवय होती. मुली तोंड वाकडं करायच्या, पण त्या हुंगण्यातून तिला पुष्कळ कळायचं. कुणाला ताप येऊन गेला, कुणाच्या उशीला रडून ओल आली, ते ती ओळखायची. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी घाबरून सलवार गादीखाली लपवली होती. दुसऱ्या दिवशी ती धुऊन, वाळवून, घडी होऊन माझ्या पेटीवर आली. वर जुन्या सुती लुगड्याच्या चार स्वच्छ घड्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "हे सगळ्याइलेच येते. कपडा लपवू नको, डाग बसून जाते."

मावशीची दुसरी सवय मात्र आम्हाला कळत नसे. रविवारी पालक भेटायला आले की ती दिसेनाशी व्हायची. पाच-सहा तास त्या पत्र्याच्या खोलीत दार लावून बसायची. एरवी वेणी घालून देणारी, काटा काढून देणारी बाई पालकांसमोर आमच्या डोक्यावरून साधा हातही फिरवत नसे. मी कारण विचारलं तेव्हा तिनं हातातली सलवार पिळून बाजूला ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं. लग्नानंतर दोन वर्षांत तिच्या नवऱ्याच्या गावात एका घरातलं लेकरू आजारी पडलं. तिच्या सासूनं त्याला आदल्या दिवशी कडेवर घेतलं होतं. "गावानं सासूवर भानामतीचं नाव घेतलं. चार जणांनी धरलं अन् दगडानं दात पाडले तिचे. मी दारात उभी होती. नंतर नवरा गेला, मंग मी एकली राह्यली. लोक माह्याकडं बी तसेच पाहे. पोरीले घेऊन माहेरी निंघून आली." भानामती म्हणजे कुणीतरी दुरून करणी करतं आणि माणसाच्या अंगावर आपोआप फुल्या उठतात, अशी आमच्याकडची समजूत. लहानपणी त्या शब्दानं मीही पांघरूण डोक्यावरून घ्यायची. मावशीनं तो शब्द उच्चारला तेव्हा आधी मागं वळून पाहिलं होतं.

खुणा ती बिब्ब्यानं घालायची. जंगलातल्या झाडाचं हे काळं, बदामाएवढं फळ. आत दाट तेल असतं. मावशी सुईनं ते टोचायची, बाहेर आलेला थेंब कापडावर टेकवायची आणि वरून चुन्याचं बोट लावायची. खूण काळी कुळकुळीत व्हायची. कापड फाटेपर्यंत ती जात नसे. मार्करच्या शाईवर तिचा विश्वास नव्हता. "दोन धुण्यात उडते, मंग कोणाचं कपडं कोणाले." बिब्ब्याच्या डबीला मात्र ती आम्हाला हात लावू देत नसे. तिची स्वतःची बोटं तिळाच्या तेलात बुडवलेली, शेंडे काळे पडलेले. बिब्बेही ती वर्षभर ठेवून वाळलेले वापरायची, खूण पायजम्याच्या नेफ्याशी किंवा खालच्या दुमडीत घालायची, आणि कपडे आठ दिवस उन्हात टाकून, दोनदा धुऊन मगच वाटायची. ही सगळी तिची पद्धत होती. ती का पाळायची, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मी आठवीत असताना गणवेश फार उशिरा आले. सव्वीस जानेवारीला दोनच दिवस उरले होते आणि कार्यक्रमाला वरचे अधिकारी यायचे होते. वॉर्डन मॅडम निजामाबादकडच्या होत्या, स्वभावानं घाईच्या. त्यांनी गठ्ठे थेट मावशीपुढे टाकले आणि खुणा कॉलरच्या आत घालायला सांगितलं, म्हणजे घडी केली तरी दिसतील. मावशीचे जुने बिब्बे संपले होते. त्या आठवड्यात बाजारातून ओले, नवे आणले होते. मी पाणी भरत होते तेव्हा तिचं बोलणं ऐकलं. "मॅडम, दोन रोज ऊन तरी लागू द्या. बिब्बा ओला हाय." मॅडम म्हणाल्या, "टाइम लेदम्मा, टाइम नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपडे आमच्या हातात होते.

झेंडावंदनाच्या सकाळी थंडी इतकी होती की श्वासाची वाफ दिसत होती. गणवेशावर आम्ही स्वेटर चढवले, गळ्यापर्यंत बटणं लावली. रांगेत उभी राहण्याआधी मावशीनं माझी दुमडलेली कॉलर सरळ केली. तिचा खडबडीत हात क्षणभर माझ्या मानेवर होता.

दुसऱ्या दिवशी मान खाजायला लागली. मी समजले, स्वेटरची लोकर टोचते आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना पद्माचे हात माझ्या केसांत थांबले. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या मानेवर फुली आहे."

दोन आरसे समोरासमोर धरून मी पाहिलं. लालभडक, सुजलेली, बारीक पाणीदार फोडांची फुली. कुणीतरी निखाऱ्यानं काढावी तशी. एक आरसा माझ्या हातातून सुटून तडकला. पद्मानं स्वतःची वेणी पुढे घेतली आणि पाठ माझ्याकडे केली. तिच्या मानेवर दोन लाल टिकल्या होत्या.

दुपारपर्यंत आम्ही अकरा जणी झालो. एकीनं खाजवलेला हात डोळ्याला लावला आणि तिचे डोळे सुजून मिटले. ती भिंतीला धरून चालत होती. आम्ही सगळ्या एका खोलीत पाठी भिंतीला टेकून बसलो, कारण ते जे काही होतं ते मागून येतं असं एकीनं म्हटलं होतं. न्हाणीघरात कुणी जाईना. तिथं वाकलं की मानेला काहीतरी गार लागतं, असं दुसरीनं सांगितलं, आणि ती बोलल्यावर मलाही ते आठवायला लागलं, जे कधी झालंच नव्हतं. तपासायला आलेल्या नर्सबाईंनी खरूज समजून सगळ्यांच्या माना-पाठींना औषध चोपडलं. फोडांवर ते असं झोंबलं की लहान वर्गातल्या मुली ओरडत अंगणात पळाल्या. आता मला कळतं की त्या बाईही घाबरल्या होत्या. तेव्हा एवढंच कळलं की मोठ्या माणसांनाही हे काय आहे ते माहीत नाही. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

मावशीला मी त्या दिवशी एकदाच पाहिलं. ती व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून पद्माच्या मानेकडे बघत होती. टिकल्या दिसल्या तशी तिनं पदर तोंडाशी धरला आणि मागं वळली. मी हाक मारली. ती तशीच टाकीमागं निघून गेली.

कुणीतरी स्वयंपाकिणीच्या फोनवरून मानेचा फोटो घरी पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत गेटवर तीस-चाळीस माणसं जमली. ऑटोतून, मोटारसायकलींवरून, काही पहिल्या बसनं. माझे बाबा आले होते. ते मला जवळ घेतील असं वाटलं होतं. त्यांनी माझी मान पाहिली आणि पाऊलभर मागं सरले. मग म्हणाले, "सामान बांध. घरी जायचं." भाग्यलक्ष्मीची आत्या अंगणाच्या मधोमध उभी होती. तिनं तो शब्द मोठ्यानं उच्चारला. "हे भानामती हाय. आमाले नका शिकवू."

त्या आत्यानं माझे खांदे धरले. सगळ्यांत स्पष्ट खूण माझ्या मानेवर होती आणि ती फुली होती. "तुह्या मानेले कोणं हात लावला व्हता? आठव. कोणं?"

माझ्याभोवती माणसंच माणसं होती. मला त्यांच्यातून सुटायचं होतं. मी म्हणाले, "खुणामावशीनं."

ते खोटं नव्हतं. पण त्या माणसांचे चेहरे बदलताना मी पाहिले, आणि तोंडातून निघालेलं परत घेता आलं असतं तर मी जीभ तोडून दिली असती. "थे धोबीण? एकलीच राह्यते थे?" कुणीतरी विचारलं. कुणीतरी टाकीकडं बोट दाखवलं. पाच-सहा जण तिकडं निघाले. मी बाबांचा सदरा धरून नुसती उभी राहिले. मला मावशीच्या सासूचे दात आठवत होते.

त्यांना तिथपर्यंत जावं लागलं नाही. मावशी स्वतःच टाकीमागून आली. अंगणात बरोबर मधे येऊन उभी राहिली. हातातल्या बिब्ब्याच्या पत्र्याच्या डबीचं झाकण तिनं सगळ्यांसमोर उघडलं.

"हे करणी नाई," ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली. "करणी नाई. हा बिब्बा हाय. म्या लावला. पोरीइच्या अंगाले नाई, कपड्याले लावला. ओला व्हता. ऊन नाई दाखवलं, धुतलं नाई. जिथं माही खूण तिथंच फोड हाय. कॉलर पाह्या, मान पाह्या."

एका माणसानं तिचा दंड धरला. "म्हंजे कबूल करून राह्यली तू."

"बिब्बा कबूल करून राह्यली," मावशी म्हणाली.

त्या माणसाची पकड सुटली नाही. तेव्हा वॉर्डन मॅडम, ज्यांची उंची माझ्याएवढीच होती, मधे शिरल्या आणि त्यांनी मावशीचा दुसरा हात धरला. तेलुगू, हिंदी आणि मोडकी मराठी एकत्र करून त्या म्हणाल्या, "डॉक्टर येतात. तोपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही. कपडे वाळवायला हिनं टाइम मागितला होता. मी दिला नाही. पकडायचं तर मला पकडा." मग माझे बाबा पुढं झाले. त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हळूहळू त्यानं हात सोडला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी अकरा जणींना ओळीत बसवलं आणि प्रत्येकीचा कुर्ता उलटा करून तिच्या मानेशी धरला. टिकल्यांवर टिकल्या, शिडीवर शिडी, फुलीवर फुली. पालकांना एकेक करून जवळ बोलावून त्यांनी ते दाखवलं. हे एकीपासून दुसरीला लागत नाही, म्हणाल्या. बिब्ब्याचं तेल काहींच्या कातडीला अजिबात सोसत नाही, काहींना काही होत नाही, म्हणून ऐंशीतल्या अकराच. त्यांनी मलम दिलं, डोळे सुजलेल्या मुलीला सोबत नेलं, आणि खुणेचा एकही कपडा अंगावर ठेवायचा नाही असं सांगितलं. मावशीनं त्यांना एकच प्रश्न विचारला. "मंग माह्या हाताले काऊन नाई होत, बाई? मले झालं असतं तं मले समजलं असतं." डॉक्टरांनी तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या की तेलानं वाचवलं असेल, आणि तिची कातडीच वेगळी असेल. मावशी बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली.

बाबांनी माझा कुर्ता मागून घेतला, कॉलरवरची फुली अंगठ्यानं घासून पाहिली. मग माझी पेटी, जी मी रडत रडत बांधली होती, त्यांनी उचलून परत कॉटखाली सरकवली. "राह्य," म्हणाले. चौघीजणींना मात्र त्या दिवशी घरी नेलं. त्यातल्या दोघी आल्या. भाग्यलक्ष्मी आली नाही. पुढं तीन वर्षांनी ती मला जैनथच्या बाजारात दिसली, कडेवर मूल होतं. आम्ही दोघी हसलो. मग आपापल्या वाटेनं गेलो.

फोड दहा-बारा दिवसांत वाळले. भय तितक्या लवकर गेलं नाही. डॉक्टरांचं सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली, पण त्यातल्या काहींनीच ते घरी नेलं. मॅडमनी मावशीला काढलं नाही. तरीही एक माणूस दोनदा गेटवर येऊन विचारून गेला की ती धोबीण मूळची कुठल्या गावची. दुसऱ्यांदा तो आला त्या दिवशी मावशीनं जायचं ठरवलं. मात्र ती लगेच गेली नाही. आधी पाच दिवस उन्हात बसून तिनं सगळे गणवेश हातात घेतले, प्रत्येक कॉलरमधला काळा तुकडा कात्रीनं काढला, आतून ठिगळ लावलं, आणि त्यावर सुती दोऱ्यानं तीच खूण भरली. जेवायला बोलावलं तरी उठायची नाही. "हे माहं काम हाय, मीच निस्तरतो," म्हणायची.

मी आता मुलांना शिकवते. वर्गात कुणाच्या कानाला नव्या डुलानं पुरळ उठलं, कुणाच्या पायाला चपलेच्या पट्ट्याखाली फोड आले, की आधी विचारते, काय नवीन घातलंस, कधीपासून, कुठं कुठं टेकतं ते. मूल भ्यालेलं असेल तर थांबते आणि पुन्हा विचारते. नोकरी लागल्यावर मी मावशीला शोधत बाजारहत्नूरकडच्या तिच्या मुलीच्या घरी गेले होते. मला उशीर झाला होता. ती जाऊन वर्ष झालं होतं. शेवटपर्यंत तिथं कुणी तिच्यावर भानामतीचं नाव घेतलं नाही, असं मुलीनं सांगितलं. ते ऐकायलाच मी गेले होते, असं मला परत येताना वाटलं.

ती होस्टेल सोडून निघाली त्या सकाळी मॅडमनी मला एका तासाची सुटी दिली. एक बोचकं तिच्या हातात, एक माझ्या. हायवेवरच्या थांब्यावर आम्ही तिच्या मुलीच्या गावाकडं जाणाऱ्या इच्चोड्याच्या बसची वाट पाहत उभ्या होतो. ट्रक जात होते, धूळ उडत होती. दहा दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते मला तिथं बोलावं लागलं.

"मावशी, मीच तुमचं नाव घेतलं होतं."

"मालूम हाय मले. टाकीमांगून आयकू येत व्हतं सारं."

मी रडायला लागले. तिनं इकडंतिकडं पाहिलं, थांब्यावर कुणी नाही ना ते पाहिलं, आणि मग माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"भेव वाटलं तुले. मले बी वाटे. मी त दिवसभर दार लावून बसली व्हती, तुले मालूम हाय का? तुह्या आंधी मले बोलाले पायजे व्हतं. नाई बोलली." मग तिनं माझं तोंड वर केलं. "तू खोटं नाई बोलली, माय. माहा हात व्हताच तुह्या मानेवर. पर अर्धंच सांगतलं. कॉलर सरळ करत व्हती मावशी, हे बी सांगाचं व्हतं. आता कोणी विचारलं त पुरं सांगत जाय. भेव असलं तरी."

बस आली. कंडक्टरनं बोचकी आत ओढली. मावशी पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसली, त्यामुळे बस निघाली तेव्हा मला ती दिसली नाही. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मग डोळे पुसले आणि शाळेत गेले. विज्ञानाचा तास सुरू झाला होता. सरांनी विचारलं, कुठं होतीस, आणि मी त्यांना सगळं सांगितलं.